बाळाचा लंगोट : कापडाचा, पाण्याचा आणि कष्टाचा हिशेब

अक्कलकोट रोड एमआयडीसीला लागून असलेल्या एका वस्तीतली ही गोष्ट आहे. सुट्टीचा दिवस होता. सकाळी आठच्या सुमारास शेजारचा पोरगा धापा टाकत आला. "काका, रिक्षा बोलवा. ताईचं बाळ रात्रीपासनं रडायलंय." त्याची बहीण पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. बाळ पंचवीस दिवसांचे होते.

आम्ही गेलो तेव्हा घर माणसांनी भरले होते. कुणी मीठ-मिरची ओवाळून टाकली होती. कुणी पोट फुगले म्हणून हिंगाचे पाणी लावले होते. आईला दूध कमी पडते, असेही एक जण सांगून गेली. बाळंतीण भिंतीला टेकून रडत होती. तेवढ्यात पलीकडच्या आजी आल्या. या आजींची वीस वर्षे टॉवेलच्या कारखान्यात धागे कापण्यात आणि शिलाई मारण्यात गेली. त्या एवढेच म्हणाल्या, "आधी पोराला उघडं करा बघू."

दुपटे सोडले, लंगोट सोडला. डाव्या पायाचे दुसरे बोट टरटरून सुजले होते आणि जांभळे पडले होते. बोटाच्या मुळाशी केसासारखा बारीक धागा दोन वेढे देऊन रुतला होता. एक वेढा आजींनी अलगद सोडवला. दुसरा कातडीत गेला होता, म्हणून तसेच बाळाला रुग्णालयात नेले आणि डॉक्टरांनी तो काढला. बोट वाचले. आणखी काही तास गेले असते तर सांगता येत नव्हते, असे डॉक्टर म्हणाले.

तो धागा कुठून आला? लंगोटातून. कारखान्यातून आणलेल्या टॉवेलच्या तुकड्याचा तो लंगोट होता. कडेला शिलाई मारलेली नव्हती. ज्या टॉवेलवर आमच्या निम्म्या वस्तीची चूल पेटते, त्याच टॉवेलच्या धाग्याने एका लेकराचे बोट जायची वेळ आली होती.

त्या दिवसापासून मनात होते की या विषयावर नीट लिहावे. लंगोट ही काय लिहायची गोष्ट आहे, असे काहींना वाटेल. पण बाळ जन्मल्यापासून दोन-अडीच वर्षे घरातले पाणी, पैसा आणि बाईचा वेळ ज्या वस्तूवर खर्च होतो, तिचा विचार करायला नको काय?

कापड कोणते घ्यावे?

सोलापूरच्या माणसाला कापड शिकवायची गरज नाही. १८७७ साली सुरू झालेल्या जुन्या गिरणीपासून हे शहर सुतावर जगले. सोलापुरी चादरीला आणि सोलापुरी टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. एमआयडीसीतल्या मागांवर टॉवेल कसा निघतो, हे आपल्यातल्या अनेकांनी डोळ्यांनी पाहिले आहे. मागावर दोन बीम असतात. एका बीमचा ताणा घट्ट असतो आणि त्यावर कापडाचे अंग विणले जाते. दुसऱ्या बीमचा ताणा सैल सोडतात, त्याचे कापडावर फुगे उठतात. या फुग्यांमुळेच टॉवेल पाणी चटकन ओढतो. लंगोटाला हाच गुण लागतो.

तरीही अगदी नव्या बाळाला टेरीचा जाड लंगोट पहिल्या दिवसापासून बांधू नये. त्याच्या मांड्या बारीक असतात आणि जाड कापड टोचते. पहिला महिना-दीड महिना जुन्या सुती साडीचे किंवा धोतराचे मऊ कापड, मलमल, नाहीतर सुती बनियनचे कापड चांगले. बाळाला पहिले कापड जुनेच घालावे, असे आपल्याकडे म्हणतात. त्यामागे शकुन वगैरे काही नाही. धुऊन धुऊन त्या कापडातली खळ गेलेली असते आणि सूत मऊ झालेले असते, एवढेच त्यातले खरे कारण. बाळ अंगाने भरले की टेरीचा लंगोट घ्यावा. रात्रीसाठी तो फार उपयोगी पडतो.

कापड निवडताना पुढील गोष्टी पाहाव्यात.

कापड सुतीच हवे. पॉलिस्टर मिसळलेली साडी मऊ लागते, पण पाणी ओढत नाही. ओळखायचे असेल तर कापडावर पाण्याचा थेंब टाकावा. थेंब पसरून लगेच जिरला तर कापड कामाचे. मोत्यासारखा वर थांबला तर ते दुपट्याच्या वरच्या बाजूलाच वापरावे.

नवा टॉवेल आणला की लगेच वापरू नये. त्यात खळ आणि मऊपणासाठी लावलेले द्रव्य असते. गरम पाण्यात तीन-चार वेळा धुतल्यावर तो खऱ्या अर्थाने पाणी ओढू लागतो.

कडा दुमडून चारही बाजूंनी शिलाई मारावी. लोंबणारा प्रत्येक धागा कात्रीने कापावा. प्रत्येक धुण्यानंतर वाळलेला लंगोट घडी करताना दोन्ही बाजूंनी डोळ्यांखालून घालावा. बाळ उगी राहत नसेल तर दृष्ट काढत बसण्याआधी त्याला पूर्ण उघडे करून हातापायांची बोटे आणि लघवीची जागा पाहावी. धागा तिथेही अडकतो, आईच्या डोक्याचा लांब केसही अडकतो. बोट सुजले असेल आणि धागा सहज निघत नसेल तर दवाखाना गाठावा. त्यात उशीर नको.

ट्रंकेतले जुने कपडे काढताना एक फार मोठी काळजी घ्यावी. आपल्याकडे कपड्यांत डांबरगोळ्या ठेवायची पद्धत आहे. काही बाळांच्या रक्तात जन्मतःच एक घटक कमी असतो आणि ते बाहेरून कळत नाही. अशा बाळाला डांबरगोळीच्या वासाचे कापड गुंडाळले तर त्याच्या तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ वाढते. ती जीवावरही बेतू शकते. म्हणून बाळाच्या कपड्यांत डांबरगोळी ठेवूच नये. ठेवलेली असेल तर ते कपडे तान्ह्या बाळासाठी वापरायचा मोह टाळावा.

किती लंगोट लागतात?

तान्हे बाळ दिवसाला दहा-बारा लंगोट सहज ओले करते. रोज धुणे होत असेल तर चोवीस लंगोट पुरतात. दिवसाआड धुणे असेल तर छत्तीस लागतात. सोलापुरात नळाला वर्षानुवर्षे तीन-चार, कधी पाच दिवसांआड पाणी येत राहिले. अशा घराने आकडा धरताना शेजारणीचे ऐकू नये, आपल्या बॅरलकडे पाहावे.

बाळ यायच्या आधी तयारी करू नये, असा एक समज आहे. तो सोडून द्यावा. सातव्या-आठव्या महिन्यात लंगोट शिवून, धुऊन, उन्हात वाळवून स्वच्छ पिशवीत बांधून ठेवावेत. बाळंतपण झाल्यावर धावाधाव करून मिळेल त्या चिंध्या बाळाला गुंडाळण्यात कसला आला शकुन?

कापडी लंगोटाचा एक फायदा फारसा कुणी सांगत नाही. ओले लंगोट मोजता येतात. पहिल्या दिवशी एखादा, दुसऱ्या दिवशी दोन, असे वाढत पाचव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा अधिक लंगोट ओले झाले आणि लघवी फिक्या रंगाची असली, तर बाळाला दूध पुरेसे मिळते आहे असे समजावे. "माझं दूध पुरत नाही" म्हणून रडणाऱ्या किती तरी बाळंतिणींना पहिल्या महिन्यात पावडरचा डबा आणायला लावला जातो. त्यांनी आधी लंगोट मोजावेत. सहापेक्षा कमी भरले, लघवी गडद झाली, बाळ मलूल वाटले, तर आशाताईंना सांगावे. दवाखान्यात बाळंतपण झाले तरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशाताईंनी घरी येऊन बाळ पाहायचे असते. त्या आल्या की हा आकडा त्यांना द्यावा.

बांधायची रीत

साठ सेंटिमीटर लांब-रुंद चौकोनी कापड घ्यावे. कोपऱ्यावर कोपरा आणून त्रिकोण करावा. लांब बाजू कमरेखाली, टोक दोन पायांमधून वर, आणि दोन्ही बाजूंची टोके पुढे आणून सैल गाठ मारावी. मुलाला पुढच्या बाजूला एक घडी जास्त द्यावी, मुलीला मध्यभागी. कमरेशी दोन बोटे सहज जातील इतका सैलपणा ठेवावा. पिन लावूच नये. शिवलेला लंगोट असेल तर नाडी रुंद पट्टीची असावी, कारण बारीक दोरी कातडीत रुतते.

नाळ पडेपर्यंत, म्हणजे साधारण एक-दोन आठवडे, लंगोटाची वरची कड नाळेच्या खाली दुमडावी. नाळेवर हळद, तेल, राख काही लावू नये. ती कोरडी राहिली की आपोआप पडते. मुलीला पुसताना नेहमी पुढून मागे पुसावे.

बाळाचे पाय सरळ ताणून दुपट्यात करकचून बांधायची जी रीत आहे, ती बंद करावी. पाय सरळ व्हावेत म्हणून हे करतात, पण त्याने खुब्याचा सांधा निसटू शकतो. पाय बेडकासारखे फाकलेले असणे हेच तान्ह्या बाळाला योग्य.

आता बाजारात टिचबटणाचे, खिशाचे कापडी लंगोटही मिळतात. बाहेरून पाणी न झिरपणारे कापड आणि आत घालायची सुती घडी, अशी त्यांची रचना असते. एकच लंगोट बटणे बदलून बाळाच्या वाढीप्रमाणे मोठा करता येतो. कामावर जाणाऱ्या आईला, प्रवासाला, रात्रीला असे चार-पाच असले तर सोय होते. पण सगळेच तसले घ्यायची ऐपत नसेल तर वाईट वाटून घेऊ नये. साधा त्रिकोणी लंगोट लवकर धुतला जातो आणि लवकर वाळतोही.

धुणे आणि पाणी

नुसती लघवी झालेला लंगोट पिळून वाळत टाकायचा आणि तोच परत बांधायचा, ही सवय अनेक घरांत आहे. पाणी नसते, हे कारण खरे आहे. तरी हे करू नये. वाळलेल्या लघवीनेच कातडी भाजल्यासारखी होते. पाणी कमी असेल तर पुढील क्रम ठेवावा.

शी झालेला लंगोट आधी संडासात झटकावा, गटारीत नव्हे. मग थोड्या थंड पाण्यात खळबळून झाकणाच्या बादलीत टाकावा. दिवसभराचे लंगोट एकदाच धुवावेत, म्हणजे पाणी वाचते. पावडर बेताची घ्यावी. नंतर दोन वेळा साध्या पाण्यात काढावेत. हाताला बुळबुळ लागत नाही आणि पाण्यावर फेस येत नाही तोवर धुणे पुरे झाले असे समजू नये. शेवटच्या काढणीचे पाणी जवळजवळ स्वच्छ असते. ते ठेवून दुसऱ्या दिवशी पहिल्या खळबळण्याला वापरावे. रोजची बादलीभर बचत यात होते.

बोअरचे पाणी जड असेल तर वडीच्या साबणाचा फेस होत नाही, साका धरतो आणि लंगोट पापडासारखा कडक होतो. अशा पाण्यात पावडर बरी. शेवटची काढणी मात्र जमेल तेव्हा नळाच्या पाण्यात करावी. कपडे मऊ करणारे सुवासिक द्रव्य घालू नये, त्याने लंगोट पाणी ओढेनासा होतो. जंतुनाशक औषधही रोज घालायची गरज नाही. बाळाला जुलाब किंवा बुरशीचे पुरळ झाले असेल तेव्हा लंगोट उकळावेत.

साठवलेल्या पाण्याची बॅरल कापडाने घट्ट झाकावी आणि आठवड्यातून एकदा घासून कोरडी करावी. डेंग्यूचा डास स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो. लंगोटासाठी साठवलेल्या पाण्यानेच बाळ आजारी पडायला नको.

वाळवायला सोलापूरच्या उन्हासारखा दुसरा धोबी नाही. लंगोट लपवून खोलीच्या कोपऱ्यात, कॉटच्या खाली वाळवायची पद्धत मोडली पाहिजे. बाळंतिणीची खोली अंधारी, तिचे कपडे विटाळाचे, म्हणून ते कुणाच्या नजरेला पडू नयेत, या कल्पनांतून ती आली. गावगाड्यात बाळंतपणाची घाण काढायला खालच्या ठरवलेल्या जातींच्या बायका बोलावल्या जात, आणि काम झाले की त्यांनाच शिवू नये म्हणत. ते ओझे आपण टाकून दिले आहे. आता लेकराचे लंगोट दारापुढच्या दोरीवर राजरोस वाळले पाहिजेत. पावसाळी दिवसांत ते पूर्ण वाळले नाहीत तर गरम इस्त्री फिरवावी.

विकतच्या डायपरचे काय?

एकदाच वापरून टाकायचा पॅम्पर्स डायपर अमेरिकेत १९६१ साली बाजारात आला. आज तो आपल्या गल्लीतल्या किराणा दुकानात टांगलेला दिसतो. डायपर वापरणारी आई आळशी, असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. प्रवासात, दवाखान्यात, पाणी नसलेल्या दिवशी, सिझेरियन झालेल्या आईला तो आधार आहे. पण हिशेब पाहून वापरावा.

समजा, एक डायपर आठ रुपयांना पडला आणि दिवसाला सहा लागले. रोजचे ४८, महिन्याचे १,४४० आणि वर्षाचे १७,२८० रुपये झाले. दुसरीकडे समजा तीस लंगोट प्रत्येकी चाळीस रुपयांना शिवले, तर १,२०० रुपये. महिन्याला दीडशेची पावडर धरली तर वर्षाचे १,८००. एकूण ३,००० रुपये. तेच लंगोट दुसऱ्या लेकरालाही होतात. आपल्या दुकानातला भाव घालून हा हिशेब प्रत्येकाने घरी करावा.

पैसे वाचवायला एकच डायपर आठ-दहा तास ठेवणे, हे सर्वांत वाईट. आतली पावडर पाणी धरून ठेवते, म्हणून वरून कोरडे लागते. पण शी-शू एकत्र कातडीला लागून राहते आणि पुरळ उठते. डायपर असो की लंगोट, शी झाली की लगेच बदलावा.

आणि तो टाकायचा कुठे? २०१६ साली केंद्र सरकारने केलेल्या घनकचरा नियमांत डायपर गुंडाळून वेगळा द्यावा, असे सांगितले. पण गुंडाळी न करता तो उकिरड्यावर किंवा गटारीत फेकला जातो. गटार तुंबली की ती हाताने उपसायला कोण येतो? आपलाच कुणीतरी भाऊ, आपलीच कुणीतरी मावशी. डायपर वापरायचा असेल तर त्यातली शी संडासात झटकावी, डायपर कागदात घट्ट गुंडाळावा आणि घंटागाडीवर वेगळा म्हणून सांगून द्यावा. एवढा मान त्या हातांना द्यायलाच हवा.

ब्रिटनच्या पर्यावरण खात्याने २००८ साली दोन्हींची तुलना प्रसिद्ध केली होती. कापडी लंगोट यंत्रात उकळत्या पाण्याने धुतला आणि विजेवर वाळवला तर त्याचा फायदा संपतो. दोरीवर वाळवला, एकदम भरपूर धुतले आणि दुसऱ्या बाळाला तेच वापरले, तर हवामान तापवणारा परिणाम सुमारे चाळीस टक्क्यांनी घटतो, असे त्यातून दिसले. तिकडच्या लोकांना जे शिकवावे लागले, ते आपल्या वस्तीतली दोरी पहिल्यापासून करते आहे.

पुरळ उठले तर

बाळाला दिवसातून दोन-तीन वेळा थोडा वेळ उघडे ठेवावे. जागा साध्या पाण्याने धुऊन टिपून कोरडी करावी, चोळू नये. खोबरेल तेल किंवा व्हॅसलीनचा पातळ थर द्यावा. पावडरचा डबा उधळू नये, ती बाळाच्या श्वासात जाते. जांघेच्या घडीत लालभडक डाग आणि भोवती बारीक पुटकुळ्या दिसल्या तर ती बुरशी असू शकते. तेव्हा डॉक्टरांनाच दाखवावे. मेडिकलवाल्याला विचारून आणलेले कुठलेही खाजेचे मलम तान्ह्या बाळाला लावू नये. अशा अनेक मलमांत स्टिरॉईड असते आणि बाळाची कातडी त्याने पातळ होते.

धुणार कोण?

वर मी हिशेब मांडला त्यात एक रकाना रिकामा राहिला आहे. तीन हजार रुपयांत लंगोट होतो, पण तो धुतो कोण? रोज पाऊण तास धरला तर वर्षाला २७३ तास भरतात. आठ तासांची पाळी धरली तर या चौतीस पाळ्या झाल्या. घरी विड्या वळणारी, मशीनवर गणवेश शिवणारी, कारखान्यात धागे कापणारी बाई आपले काम सांभाळून या चौतीस पाळ्या बिनपगारी भरते. कापडी लंगोटाचे गोडवे गाताना हे विसरलो तर तो हिशेब खोटा ठरेल.

२८ जुलै १९२८ रोजी मुंबईच्या विधिमंडळात प्रसूती-साहाय्याच्या विधेयकाला पाठिंबा देताना, बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, अशी भूमिका बाबासाहेबांनी मांडली. पुढच्या वर्षी मुंबई प्रांतात तो कायदा झाला. १९६१ साली देशाचा कायदा आला आणि २०१७ साली रजा सव्वीस आठवड्यांची झाली. कायद्याने रजा दिली. पण टाके ओले असताना मोरीवर उकिडवे बसून लंगोट धुणाऱ्या बाईला घरातल्या माणसांनी रजा दिली काय?

माझ्या पहिल्या मुलीच्या वेळी मीही मोरीकडे फिरकत नव्हतो, हे कबूल करतो. दुसऱ्या वेळी घरातून स्पष्ट विचारणा झाली, "ऑफिसातले आकडे हाताला चालतात, लेकराचा लंगोट चालत नाही होय?" दुसऱ्या दिवसापासून सकाळची बादली माझ्याकडे आली. दारात लंगोट पिळताना पाहून दोन-चार जण हसले. पंधरा दिवसांनी हसणे थांबले. महिन्याने त्यातला एक जण आपल्या दारात तेच करताना दिसला.

त्या धाग्याच्या प्रसंगानंतर आजींनी वस्तीतल्या गरोदर बायकांचे लंगोट तपासायचे काम आपण होऊन घेतले आहे. कारखान्यात टॉवेल पाहायच्या तशा त्या कापड उजेडात धरतात, कडेवरून अंगठा फिरवतात आणि धागा दिसला की कात्री लावतात. त्या बाळाच्या बोटावर आता फक्त एक बारीक रेघ उरली आहे. परवा ते दारात उभे राहून पाऊल टाकत होते. लंगोट दोरीवर वाळत होते, आणि ते वाळत घालत होता त्याचा बाप.